क्लबने गाव बदललं, डीन लुइंग्टनने क्लब बदलला नाही

डिसेंबर 2023 मध्ये इंग्लंडच्या चौथ्या पायरीवर, लीग टूमध्ये, एका 39 वर्षांच्या बचावपटूने एक जुना विक्रम मोडला. स्विंडन टाउनचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, जॉन ट्रोलप 1960 ते 1980 या काळात एकाच क्लबकडून 770 लीग सामने खेळला होता. इंग्लिश लीगच्या इतिहासात एका क्लबसाठी इतके सामने दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते. मिल्टन कीन्स डॉन्सचा डीन लुइंग्टन, तोही लेफ्ट बॅकच, त्या आकड्याच्या पुढे गेला. आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्र जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांतल्याही फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल. त्यात नवल नाही. लुइंग्टन प्रीमियर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे आजच्या चँपियनशिपमध्ये, त्याच्या वाट्याला पुरते दोनच हंगाम आले. बाकी सगळं आयुष्य तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर गेलं.

या विक्रमाची बातमी साहजिकच 'निष्ठावान खेळाडू' अशा थाटात छापून आली. मला मात्र हे प्रकरण वेगळ्याच कारणाने रंजक वाटतं. गावाशी असलेलं नातं तोडल्याबद्दल इंग्लंडमध्ये ज्या क्लबला सर्वाधिक शिव्या बसल्या, त्याच क्लबमध्ये देशातला सर्वांत जास्त एका जागी टिकलेला खेळाडू घडला. हे झालं कसं? निष्ठेचं कौतुक जरा बाजूला ठेवून पायाचं, पैशाचं आणि कराराचं गणित मांडलं की बरंच उलगडतं.

आधी क्लबची गोष्ट

विम्बल्डन एफसी हा दक्षिण लंडनचा क्लब. 1977 मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि नऊ वर्षांत तो पहिल्या पायरीवर पोहोचला. 1988 च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) चषकाच्या, अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलला 1-0 असं हरवलं. गोल लॉरी सांचेझचा, आणि जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी गोलकीपर डेव्ह बीझंटने अडवली. धसमुसळा, रांगडा, कुणालाही न जुमानणारा संघ अशी त्यांची ख्याती होती. पण मैदान? प्लाऊ लेन हे त्यांचं मैदान जुनाट होतं. 1991 मध्ये ते सोडून क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला आणि बारा वर्षं तिथेच राहिला. 2000 मध्ये प्रीमियर लीगमधून घसरण झाली आणि पैशाचा प्रश्न उघडा पडला.

मालकांनी उपाय काढला तो क्लबच उचलून मिल्टन कीन्सला नेण्याचा. विम्बल्डनपासून साधारण 90 किलोमीटरवरचं हे शहर 1967 मध्ये सरकारने आखून वसवलेलं. चौकटीत टाकलेले रस्ते, जागोजागी गोल चौक आणि एकही व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. 28 मे 2002 रोजी एफएने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. चाहत्यांनी हा क्लब राखेतून पुन्हा उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असाही शेरा आयोगाने मारला. चाहत्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि लीगच्या कितीतरी पायऱ्या खालून सुरुवात केली. मला विचाराल तर आयोगाचा तो निर्णय चुकलाच होता. गावाचा क्लब दुसऱ्या गावाला देता येतो हे एकदा मान्य केलं की मग क्लब म्हणजे फक्त लीगमधली एक रिकामी खुर्ची उरते.

इकडे जुन्या क्लबचं मैदान ओस पडलं. ऑक्टोबर 2002 मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला सेलहर्स्ट पार्कवर 849 माणसं होती. दुसऱ्या पायरीवरच्या व्यावसायिक सामन्याला! याच हंगामाच्या शेवटाकडे, एप्रिल 2003 मध्ये, शेफील्ड वेन्सडेच्या मैदानावर युवा संघातून वर आलेला एक 18 वर्षांचा मुलगा बदली खेळाडू म्हणून उतरला. तो डीन लुइंग्टन.

बुडत्या घरातली रिकामी जागा

डीनचा जन्म 18 मे 1984 चा, लंडनलगतच्या किंग्स्टनचा. वडील रे लुइंग्टन चेल्सी आणि फुलहॅमकडून खेळलेले. मुलगा पदार्पण करत होता तेव्हा ते वॉटफर्डचे मॅनेजर होते. पुढे रॉय हॉजसन यांचे सहायक म्हणून ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाबरोबरही राहिले. म्हणजे घरात फुटबॉलचा धंदा आतून-बाहेरून ठाऊक असलेला माणूस होता. करार कसे होतात, कसे मोडतात आणि मे महिन्यात किती पोरांना घरी पाठवलं जातं, हे या मुलाला दुसऱ्या कुणाकडून ऐकायची गरज नव्हती.

जून 2003 मध्ये विम्बल्डन एफसी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. प्रशासकाला फुटबॉलशी देणंघेणं नसतं. देणेकऱ्यांची देणी भागवायची, त्यासाठी विकण्यासारखं जे असेल ते विकायचं. आणि फुटबॉल क्लबकडे विकण्यासारखं असतं काय, तर खेळाडू. नायजेल रिओ-कोकर आणि जोबी मॅकनफ वेस्ट हॅमला गेले, मिकेल लेगरवुड क्रिस्टल पॅलेसला. पगार मोठा आणि वय वाढलेलं असे खेळाडूही निघाले. मॅनेजर स्टुअर्ट मरडॉकच्या हातात उरली ती अकादमीतली पोरं. एरवी ज्या लेफ्ट बॅकला राखीव संघात दोन वर्षं घासावी लागली असती, त्याला 19 व्या वर्षी पहिल्या संघात नियमित जागा मिळाली.

27 सप्टेंबर 2003 रोजी क्लबचा मिल्टन कीन्समधला पहिला सामना झाला, बर्नलीविरुद्ध, 2-2. मैदान कुठलं, तर हॉकीसाठी बांधलेलं नॅशनल हॉकी स्टेडियम. क्लबचं नाव अजून विम्बल्डनच. बाहेर जुन्या चाहत्यांचा बहिष्कार, आत अजून क्लबला आपलं न म्हणणारे नवे प्रेक्षक. तो हंगाम 24 संघांत शेवटच्या क्रमांकाने आणि 29 गुणांनी संपला. 2004 च्या उन्हाळ्यात संगीताच्या धंद्यातून आलेल्या पीट विंकलमन यांच्या कंपनीने क्लब विकत घेतला आणि नाव ठेवलं मिल्टन कीन्स डॉन्स.

मुंबईतला कारखाना मालकाने चाकणला हलवला की कामगारांपुढे जो पेच येतो, तोच इथे होता. सोबत जायचं की इथेच दुसरं काही बघायचं? ज्यांच्याकडे दुसरीकडची मागणी होती ते निघाले. लुइंग्टन 20 वर्षांचा होता, एकच हंगाम खेळलेला, आणि तोही घसरगुंडीचा. त्याच्यासाठी पहिल्या संघातली जागा हीच सर्वांत मोठी मिळकत होती. क्लब हलवण्याचा निर्णय मालकांचा आणि शिक्कामोर्तब आयोगाचं. त्यात एका 18 वर्षांच्या पोराचं बोट नव्हतं. तरी पुढची वीस वर्षं परगावच्या मैदानांवर 'फ्रँचायझी', म्हणजे गावाशी नातं नसलेला, उचलून कुठेही नेता येणारा क्लब, हे हिणवणं त्याला ऐकावं लागलं, कारण त्या जुन्या संघातला मिल्टन कीन्समध्ये उरलेला शेवटचा माणूस तोच ठरला.

त्यात आणखी एक गुंता आहे. 2006 मध्ये झालेल्या समझोत्यानुसार मिल्टन कीन्स डॉन्सने विम्बल्डनच्या इतिहासावरचा हक्क सोडला. 1988 च्या कपाची प्रतिकृती आणि इतर मानचिन्हं 2007 मध्ये विम्बल्डन ज्या भागात येतं त्या मर्टन कौन्सिलकडे परत गेली. क्लबच्या हिशोबी त्याचा जन्म 2004 चा. कागदावर दोन वेगळे क्लब झाले, पण ड्रेसिंग रूममध्ये दोन्हीकडचा एक माणूस बूट बांधत बसलेला असायचा.

तीनदा वर, पाचदा खाली

इंग्लंडमध्ये चार पायऱ्यांवर (प्रीमियर लीग, चँपियनशिप, लीग वन, लीग टू) मिळून 92 क्लब. प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांत प्रत्येकी 24 संघ, म्हणजे हंगामाला 46 लीग सामने, शिवाय दोन कप आणि खालच्या दोन विभागांसाठी आणखी एक चषक. मंगळवारी रात्री एक सामना, शनिवारी दुपारी दुसरा, मध्ये बसचा प्रवास. या चक्रात लुइंग्टन वर्षाला चाळीसच्या आसपास सामने खेळत राहिला.

क्लबचा आलेख मात्र पाळण्यासारखा. 2004 मध्ये खाली, 2006 मध्ये आणखी खाली. 2007-08 मध्ये पॉल इन्सच्या हाताखाली 97 गुणांसह लीग टूचं विजेतेपद आणि वेम्ब्लीवर ग्रिम्सबीला 2-0 असं हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी. त्या संघाचा कर्णधार कीथ अँड्र्यूज इन्सपाठोपाठ ब्लॅकबर्नला गेला आणि कर्णधारपदाचा पट्टा लुइंग्टनच्या दंडावर आला. मग 2015 मध्ये वर, 2016 मध्ये खाली, 2018 मध्ये पुन्हा खाली, 2019 मध्ये शेवटच्या दिवशी मॅन्सफील्डला 1-0 ने हरवून वर, 2023 मध्ये बर्टनला 0-0 बरोबरी करून परत खाली. तीनदा बढती, पाचदा घसरण. प्ले-ऑफची, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीच्या बाद सामन्यांची, उपांत्य फेरी सहा वेळा गाठली, 2007, 2009, 2011, 2012, 2022 आणि 2024 मध्ये, आणि सहाही वेळा हरले. लुइंग्टनच्या काळात प्ले-ऑफचा अंतिम सामना या क्लबने पाहिलाच नाही. हे नुसतं वाचूनही दमायला होतं.

यातला एक दिवस जगभर गाजला. 26 ऑगस्ट 2014, लीग कपची दुसरी फेरी, समोर लुई व्हॅन गालचा मँचेस्टर युनायटेड. निकाल 4-0. विल ग्रिगचे दोन, बेनिक अफोबेचे दोन. मैदानात जवळपास 27 हजार प्रेक्षक. मध्यभागात 18 वर्षांचा डेली अली खेळत होता आणि डावीकडे तिशीचा कर्णधार. त्या हंगामात कार्ल रॉबिन्सनच्या संघाने लीगमध्ये 101 गोल केले, 91 गुण मिळवले आणि 3 मे 2015 रोजी येओव्हिलला 5-1 हरवून दुसऱ्या क्रमांकाने चँपियनशिप गाठली. अलीला फेब्रुवारीतच टॉटनहॅमने पन्नास लाख पौंडांना घेतलं होतं आणि उरलेल्या हंगामासाठी उसना परत दिलं होतं. बढती मिळाली, अली गेला, आणि पुढच्या वर्षी संघ 23 वा आला. लुइंग्टन मात्र होता तिथेच होता.

डावा पाय

आता मुद्द्याचं. लुइंग्टन वेगवान नव्हता, कधीच नव्हता. उंचीने, ताकदीने धाक बसावा असाही नाही. मग 20 वर्षं मॅनेजर बदलत असताना प्रत्येकाने त्याचंच नाव संघाच्या कागदावर का लिहिलं?

पहिलं उत्तर आहे डावा पाय. डाव्या पायाचे खेळाडू मुळात कमी, आणि खालच्या विभागात परवडतील असे चांगले तर त्याहून कमी. उजव्या पायाचा बचावपटू डावीकडे ठेवला तर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. गोलकीपरकडून चेंडू त्याच्याकडे येतो. तो उजव्या पायाने घेण्यासाठी अंग आतल्या बाजूला वळवतो. त्या क्षणी साइडलाइनच्या कडेने पुढे जाणारा पास बंद झालेला असतो, कारण तो पास देण्यासाठी चेंडू आधी डाव्या पायावर आणायला हवा, म्हणजे एक स्पर्श जास्त. तेवढ्यात समोरचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, अंगावर आलेला असतो. मग चेंडू मागे तरी जातो, नाहीतर उंच उडवला जातो. डाव्या पायाचा माणूस तोच चेंडू अंगाबाहेरच्या बाजूला घेतो. पहिल्या स्पर्शातच त्याच्यासमोर लाइनच्या कडेचा पास खुला असतो, मध्यभागातल्या खेळाडूकडचा तिरका पासही खुला असतो, आणि अंगावर येणाऱ्याला यातलं काय अडवावं ते ठरवता येत नाही. वाचायला किरकोळ वाटतं, पण सामन्यात हे चाळीस-पन्नास वेळा घडतं.

विशी-तिशीत लुइंग्टनने हा पाय लेफ्ट बॅक म्हणून वापरला: धावत पुढे जाऊन क्रॉस टाकायचे, कॉर्नर आणि फ्री किक घ्यायच्या. तिशी उलटल्यावर बहुतेक फुलबॅकांचं (कडेच्या बचावपटूंचं) जे होतं ते होणारच होतं. समोर 21 वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा विंगर आला की पाय पुरे पडत नाहीत. इथे त्याच्या कारकिर्दीला दुसरं वळण मिळालं. नोव्हेंबर 2019 मध्ये संघातलाच रसेल मार्टिन मॅनेजर झाला. मार्टिनला चेंडू स्वतःकडे ठेवणारा संघ हवा होता. मार्च 2021 मध्ये जिलिंगहॅमविरुद्ध या संघाने सलग 56 पास देऊन गोल केला, आणि लीग वनमध्ये असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. असा खेळ करायचा तर मागच्या तीन बचावपटूंमध्ये डावीकडचा माणूस डाव्या पायाचाच लागतो, शांत डोक्याचा लागतो, आणि त्याला फार पळावं लागत नाही. बाजूची धावपळ विंगबॅक करतो. लुइंग्टन लेफ्ट बॅकवरून दहा मीटर आत सरकला आणि त्याच्या कारकिर्दीत पाच वर्षांची भर पडली.

खालच्या लीगमधल्या कितीतरी फुलबॅकना ही संधी मिळत नाही, कारण त्यांच्या क्लबचे मॅनेजर लांब पासचा खेळ खेळवतात आणि तिथे मागच्या फळीत उंच, हेडरवर हुकमत असलेली माणसं लागतात. लुइंग्टनला योग्य वयात योग्य मॅनेजर भेटला. याला नशीब म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.

मे महिन्याचं गणित

बाहेरून निष्ठा दिसते, आतून ते दरवर्षी नव्याने घडणारं एक व्यवहाराचं प्रकरण असतं. इंग्लंडमध्ये खेळाडूंचे करार साधारण 30 जूनला संपतात. हंगाम संपला की मे महिन्यात प्रत्येक क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी जाहीर करतो. तिला 'रिटेन्ड लिस्ट' म्हणतात. लीग वन आणि लीग टूमध्ये एक किंवा दोन वर्षांचे करार सर्रास असतात, आणि तिशीनंतर तर एकेका वर्षाचेच. घसरण झाली की पगाराची थैली आवळली जाते आणि यादीतली सोडलेल्यांची रांग लांबते. कोविडच्या फटक्यानंतर ऑगस्ट 2020 मध्ये लीग वनच्या क्लबांनी संघाच्या एकूण पगाराला 25 लाख पौंडांची आणि लीग टूच्या क्लबांनी 15 लाखांची मर्यादा घालून घेतली. खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितल्यावर फेब्रुवारी 2021 मध्ये ती रद्द झाली. पण ती घालावीशी वाटली, यातच या पायरीवरच्या क्लबांची अवस्था कळते.

अशा क्लबच्या बाजूने बघा. दर वर्ष-दीड वर्षाने मॅनेजर बदलतो: विल्सन, ॲलन, इन्स, डी मॅटेओ, परत इन्स, रॉबिन्सन, नीलसन, मिचीचे, टिसडेल, मार्टिन, मॅनिंग, जॅक्सन, अलेक्झांडर, विल्यमसन, लिंडसे. प्रत्येक जण आपली माणसं आणतो, आधीच्याची माणसं काढतो. अली, मॅट ओ'रायली, स्कॉट ट्वाइन, हॅरी डार्लिंग यांच्यासारखे मोठी किंमत येणारे खेळाडू विकावेच लागतात. 2021-22 मध्ये लियम मॅनिंगचा संघ तिसरा आला. ओ'रायली त्या जानेवारीतच सेल्टिकला गेला होता, हंगाम संपल्यावर ट्वाइन बर्नलीला आणि डार्लिंग स्वान्झीला गेला, आणि पुढच्या वर्षी संघ घसरला. या सगळ्या येण्या-जाण्यात क्लबला असा एक माणूस लागतो जो विकला जाणार नाही इतका स्वस्त आहे आणि काढून टाकता येणार नाही इतका उपयोगी आहे. नवीन आलेल्या उसन्या पोराला ड्रेसिंग रूमचे रिवाज सांगणारा, चार महिन्यांच्या मॅनेजरला आधीच्या चौघांनी काय करून पाहिलं ते ठाऊक असणारा. ऑगस्ट 2021 मध्ये हंगामाच्या तोंडावर मार्टिन स्वान्झीला निघून गेला, तेव्हा सलामीच्या सामन्यासाठी हंगामी सूत्रं लुइंग्टनकडेच दिली गेली. बोल्टनमध्ये तो सामना 3-3 असा सुटला.

आणि खेळाडूच्या बाजूने? त्याची आणि क्लबची पातळी जवळजवळ सारखी राहिली. तो क्लबच्या इतका वर गेला नाही की मोठ्या क्लबने उचलावा. इतका खालीही आला नाही की क्लबने सोडावा. 2015-16 मध्ये दुसऱ्या पायरीवर एक वर्ष मिळालं, ते तिशी ओलांडल्यावर. तेच 24 व्या वर्षी मिळालं असतं तर कदाचित आज आपण एखाद्या चार क्लब फिरलेल्या चँपियनशिप फुलबॅकबद्दल बोलत असतो, किंवा बोलतही नसतो.

तसं उदाहरण शेजारीच आहे. ग्रॅहम अलेक्झांडर हासुद्धा खालच्या विभागातून आलेला बचावपटू, राइट बॅक. स्कन्थॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन, बर्नली, परत प्रेस्टन असा त्याचा प्रवास. कोव्हेंट्रीत जन्मूनही तो स्कॉटलंडकडून 40 सामने खेळला. पेनल्टीवर हुकमी हात असल्याने बचावपटू असूनही त्याने शंभराहून जास्त गोल केले. 2009 मध्ये बर्नली प्रीमियर लीगमध्ये गेलं, तेव्हा वयाच्या 37 व्या वर्षी त्याचं तिथे पदार्पण झालं. 2011 मध्ये त्याने कारकिर्दीतला हजारावा सामना खेळला. एप्रिल 2012 मध्ये प्रेस्टनकडून शेवटच्या सामन्यात, भरपाईच्या वेळेत, फ्री किकवर चार्ल्टनविरुद्ध गोल करून त्याने बरोबरी साधली आणि तिथेच कारकीर्द संपवली. गंमत म्हणजे हाच अलेक्झांडर मे ते ऑक्टोबर 2023 मध्ये मिल्टन कीन्स डॉन्सचा मॅनेजर होता. हजार सामन्यांचा माणूस बाजूला उभा आणि एकाच क्लबचा विक्रम करायला निघालेला माणूस मैदानात. लुइंग्टनचा विक्रम होईपर्यंत अलेक्झांडरची नोकरी गेलेली होती.

दोघांच्या कारकिर्दी लांबल्या त्या जवळपास एकाच कारणाने. दोघांकडे न म्हातारं होणारं एकेक कसब होतं, एकाकडे पेनल्टी आणि सेट पीस, दुसऱ्याकडे डाव्या पायाचा पास. फरक एवढाच की अलेक्झांडरच्या वाटेत वेळोवेळी दुसरा क्लब उभा राहिला.

शेवटचे हंगाम

मे 2024 मध्ये मिल्टन कीन्स डॉन्स लीग टूमध्ये चौथे आले आणि प्ले-ऑफमध्ये क्रॉलीकडून 3-0 आणि 5-1 अशी दाणादाण उडाली. परतीचा सामना 11 मे रोजी होता. आठवड्याभराने लुइंग्टन 40 वर्षांचा झाला. त्या ऑगस्टमध्ये विंकलमन यांनी 20 वर्षांनी क्लब कुवेतच्या गुंतवणूकदारांना विकला. मालक बदलला, मॅनेजर बदलले, संघ घसरत 19 व्या क्रमांकावर गेला आणि 2024-25 च्या शेवटी लुइंग्टनने बूट काढले. सगळ्या स्पर्धा धरून त्याचे सामने 900 च्या वर गेले होते.

त्याच मे 2025 मध्ये वेम्ब्लीवर एएफसी विम्बल्डनने वॉल्सॉलला 1-0 हरवून लीग वन गाठली. म्हणजे राखेतून उभं राहणं फुटबॉलच्या हिताचं नाही असं ज्यांना सुनावलं गेलं, ते 2025-26 च्या हंगामासाठी मिल्टन कीन्सपेक्षा एक पायरी वर गेले.

ट्रोलपचा आकडा 43 वर्षं टिकला. लुइंग्टनचा किती टिकेल? हिशोब सोपा आहे. हंगामाला 40 लीग सामने धरले तरी, ज्यावर त्याने विक्रम मोडला त्या 771 ला पोहोचायलाही एकोणीस हंगाम पुरत नाहीत. आज 18 व्या वर्षी लीग टूमध्ये उतरलेल्या पोराला 2040 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच क्लबमध्ये राहावं लागेल. तो साधारण असेल तर तिसऱ्या-चौथ्या मे महिन्यात यादीतून जाईल. चांगला असेल तर त्याआधीच्या एखाद्या जानेवारीत क्लबला पगार भागवायला पैसे लागतील आणि तो विकला जाईल.